आमच्यासाठी बनवू नका, फक्त बघू द्या

जपानी ड्रामा बघते असं सांगितलं की समोरून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे ते कोरियन ना?" नाही हो, कोरियन नाही. कोरियन आता सगळेच बघतात, हिंदीत डब होऊन येतं, कॉलेजच्या पोरींपासून त्यांच्या आयांपर्यंत सगळ्यांना हिरोंची नावं पाठ असतात. जपानी बघणारे मोजकेच. एक तर जपानी भाषेच्या परीक्षा देणारे, पुण्यात अशांची काही कमी नाही आणि लिसनिंग सुधारायचंय या नावाखाली ते रात्र रात्र मालिका बघत बसतात, आणि दुसरे ॲनिमे बघता बघता इकडे वळलेले. बाकीच्यांना दोष तरी कसा देणार, बघायला मिळतंच कुठे? आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं, की या मालिकांमधलं मला जे जे आवडतं ते जवळपास सगळं त्या फक्त जपानी माणसासाठी बनतात म्हणून आहे, आणि जे जे डोकं उठवतं त्यातलंही बरंचसं त्याच कारणाने आहे. सध्या जो तो म्हणतो की जपानने कोरियाकडून शिकावं, जगासाठी बनवावं. मला ते अजिबात पटत नाही.

आधी कौतुक, कारण कौतुक करायला मजा येते.

जपानी टीव्हीवर वर्षाचे चार सीझन असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर सीझनला नव्या मालिका, आठवड्याला एक भाग, दहा नाहीतर अकरा भाग, आणि विषय संपला. टीआरपी कितीही जोरात असू दे, संपली म्हणजे संपली, पुढच्या सीझनला त्या वेळेवर दुसरी मालिका, दुसरे कलाकार आधीच ठरलेले असतात. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' दहा वर्षांच्या वर चालली हे लक्षात घ्या म्हणजे मी एवढी का भारावते ते कळेल. कुणाचा स्मृतिभ्रंश नाही, कुणी मेलेलं परत येत नाही, चेहरा बदलून येत नाही.

या शिस्तीचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे २०१३ ची 'हानझावा नाओकी'. बँकेतल्या कर्ज विभागातला एक माणूस, त्याच्या वडिलांचा छोटा कारखाना बँकेने ऐनवेळी हात वर केल्यामुळे बुडाला आणि वडिलांनी जीव दिला, आणि ज्याने हात वर केले तो ओवादा आता त्याच बँकेत संचालक आहे. म्हणजे पक्का मसाला. अपमान झाला की दुप्पट परतफेड करणार ही हानझावाची धमकी तेव्हा जपानभर ऑफिसांमध्ये लोक एकमेकांना मारत होते. शेवटच्या भागात भर बोर्ड मीटिंगमध्ये तो ओवादाला जमिनीवर डोकं टेकून माफी मागायला लावतो, आणि तो प्रसंग घाईत उरकलेला नाही, ओवादाचं अंग वाकतच नाही, गुडघे खाली जायला तयार नाहीत, तोंडातून जनावरासारखा आवाज निघतोय, हात थरथरतायत आणि कॅमेरा हलत नाही. बघताना एका क्षणी आपल्यालाच वाटायला लागतं की पुरे आता. आता हिरो जिंकला, बढती मिळणार, असं वाटतं. बँकेचा अध्यक्ष हानझावाला बोलावतो आणि एका उपकंपनीत बदलीचा हुकूम हातात ठेवतो. ओवादाला मात्र बँकेतून काढत नाहीत, नुसतं पद खाली आणतात. हानझावाचा चेहरा, कट, समाप्त. टोकियो आणि आसपासच्या भागात त्या भागाचं रेटिंग ४२.२ टक्के होतं. आणि पुढचा सीझन कधी आला? २०२० मध्ये. सात वर्षांनी!

हा शेवट जपानी नोकरदाराला लगेच कळतो, कारण 'तू बरोबर होतास पण जरा जास्तच केलंस' ही शिक्षा त्याने ऑफिसात पाहिलेली असते. बाहेरच्या प्रेक्षकाचा विचार करून लिहिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं की अहो हे परदेशात कुणाला कळणार नाही, शेवटी निदान बढती तरी द्या. इथे असं म्हणणारं कुणी खोलीतच नव्हतं. आणि गंमत म्हणजे मला ते व्यवस्थित कळलं. सरकारी बँकेत किंवा झेडपीत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, त्यालाही कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे कामधंदा. जपानी मालिकेत माणसं खरोखर काम करताना दिसतात. शब्दकोश बनवणाऱ्यांवर मालिका आहे, प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन करणाऱ्या मुलीवर आहे, 'अननॅचरल' तर अख्खी शवविच्छेदन करणाऱ्या लॅबवर आहे. 'कोदोकु नो गुरुमे' २०१२ पासून चाललीय आणि त्यात काय होतं तर एक मध्यमवयीन विक्रेता माणूस क्लायंटकडचं काम उरकतो, त्याला भूक लागते, तो एखाद्या गल्लीतल्या खऱ्याखुऱ्या हॉटेलात एकटा शिरतो आणि मनातल्या मनात बोलत जेवतो. बस्स. कुणाला पिच करून दाखवा ही कल्पना, हाकलून देतील. मी मात्र ती ताट समोर घेतल्याशिवाय बघत नाही कारण नंतर घरात जे काही आहे ते बेचव लागतं.

२०१९ ची 'वाताशी, तेइजी दे काएरिमासु' यातली माझी लाडकी. वेब कंपनीत काम करणारी बाई, ठीक सहाला उठते आणि घरी जाते, एवढंच तिचं बंड. ती आधीच्या नोकरीत अतिकामाने मरता मरता वाचलेली असते. सहाला उठण्याचं आणखी एक कारण म्हणजे जवळच्या चिनी हॉटेलात अर्ध्या किमतीत बियर मिळण्याची वेळ, ती गाठायला ती अक्षरशः पळते. ही मालिका आली त्याच महिन्यात, म्हणजे एप्रिल २०१९ मध्ये, जपानमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी ओव्हरटाइमची कायदेशीर मर्यादा लागू झाली होती. म्हणजे कायदा संसदेत पास झाला तरी ऑफिसात सहाला उठायची लाज कशी घालवायची हा प्रश्न राहतोच ना, तो या मालिकेने घेतला. इथे भाषणबाजी फार नाही, उलट रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या सहकाऱ्यांचीही बाजू नीट येते. आपल्याकडे २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला सत्तर तासांचा सल्ला दिला तेव्हा किती चर्चा झाली, हिंजवडीच्या बसमध्ये बसून किती जणांनी मीम्स फॉरवर्ड केले, पण सहाला लॅपटॉप बंद करणाऱ्या माणसाला हिरो करणारी एक मालिका कुणी काढली नाही. आपल्या मालिकेत नवरा कंपनीचा मालक असतो आणि ऑफिसला जातो ते नुसतं जिना उतरून.

आणि मग लिंबू. २०१७ ची 'क्वार्टेट'. चार वादक, कुणीच फार यशस्वी नाही, कारुइझावा नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी एका बंगल्यात एकत्र राहायला आलेत. जेवणाच्या टेबलावर काराआगेची प्लेट येते, म्हणजे जपानी पद्धतीचं तळलेलं चिकन, आणि दोघं जण कुणाला न विचारता सगळ्या तुकड्यांवर लिंबू पिळून मोकळे होतात. तिसरा बिथरतो. तो म्हणतो लिंबू पिळलं की परत काढता येत नाही, कुरकुरीतपणा गेला तो गेला, आधी विचारायला काय झालं होतं. बरं मग पुढच्या वेळी 'लिंबू पिळू का' असं विचारू म्हटलं तर त्यालाही हरकत, कारण तसं विचारलं की समोरच्याला नाही म्हणायची सोयच राहत नाही. या चिकनवर मिनिटंच्या मिनिटं वाद चालतो आणि आपण हसत असतो, वेळकाढूपणा चाललाय असंही वाटतं. टेबलावरची चौथी, माकी, हिचा नवरा बेपत्ता आहे. त्याच भागात पुढे कळतं की तो जायच्या आधी एकदा तिने त्याला एका बारमध्ये मित्राशी बोलताना ऐकलं होतं, तिथे काराआगेवर लिंबू हवं का विचारल्यावर तो नको म्हणाला, मला आवडत नाही म्हणाला, आणि ही घरी इतकी वर्षं त्याच्यासाठी न विचारता लिंबू पिळत होती. पार्श्वसंगीत नाही, फ्लॅशबॅकमध्ये फ्लॅशबॅक नाही, विजेचा कडकडाट करून तीन वेळा चेहरे दाखवणं नाही. अख्खं लग्न कसं मोडलं ते त्या प्लेटमध्ये आहे आणि लेखकाने आपल्याला ते जोडायला सोडून दिलंय.

एवढं सगळं लिहिल्यावर कुणाला वाटेल ही बाई जपानने पछाडलीय. थांबा, आता तक्रारी.

पहिली, भाषण. ज्या देशात लिंबाचा तो प्रसंग लिहिला जातो त्याच देशात दर सीझनला दहापैकी सात मालिकांमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत हिरो किंवा हिरोइन उभी राहून सगळ्यांना आयुष्य म्हणजे काय ते समजावून सांगते, बाकीचे सगळे ऑफिस, कोर्ट किंवा ऑपरेशन थिएटर सोडून मान खाली घालून ऐकत उभे राहतात, आणि गुन्हेगार असला तर तो गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडतो. गुन्हेगारी मालिका असेल तर हे सगळं समुद्राकाठच्या कड्यावर. नऊ भाग आपल्याला शहाणं समजून वागवलं आणि दहाव्यात शाळेच्या प्रार्थनेला उभं केलं, असा राग येतो. 'निगेहाजी' मला एवढी प्रिय, त्यात नोकरी नसलेली हिरोइन घरकामाच्या मोबदल्याचा हिशोब मांडून महिना १ लाख ९४ हजार येन पगारावर कराराचं लग्न करते, आणि नंतर तो खरंच प्रेमात पडून लग्नाची मागणी घालतो तेव्हा सोबत पगार वाचेल याचाही हिशोब दाखवतो, तर ती भडकून विचारते की प्रेम आहे म्हणून फुकट राबायचं का. अशी मालिका कुठल्याही भाषेत काढायला धाडस लागतं. पण तिच्याही शेवटच्या भागात सगळ्यांच्या जोड्या जुळवून, सगळ्यांना एकेक शहाणपण वाटून, गोड करून टाकलं. वर नाच.

दुसरी तक्रार प्रेमाबद्दल. संयम वगैरे ठीक आहे, मला आवडतो, पण आठव्या भागापर्यंत दोन प्रौढ नोकरदार माणसं एकमेकांचा हात धरायला घाबरतात आणि नवव्या भागात गैरसमज होऊन एक जण परदेशी जायला निघतो, हे किती वेळा बघायचं.

तिसरी, 'पुढची गोष्ट थिएटरमध्ये'. दहा भागांत संपवतात म्हणून आत्ता कौतुक केलं ना, तर हल्ली त्यालाही पळवाट काढलीय. शेवट लोंबकळत ठेवायचा आणि वर्षभराने सिनेमा काढायचा, नाहीतर उरलेली गोष्ट चॅनलच्या स्वतःच्या पेड ॲपवर टाकायची. जपानी प्रेक्षकही यावर वैतागलेले असतात.

चौथी तक्रार मोठी आहे. या मालिकांमध्ये कोण दिसणार हे बऱ्याचदा दिग्दर्शक ठरवत नाही, कलाकारांच्या एजन्सी ठरवतात. त्यातली सगळ्यात ताकदवान होती ती मुलांच्या बँड्सची 'जॉनीज'. अभिनय येत नसलेला एक आयडॉल चांगल्या कथेच्या मध्यभागी लाकडासारखा उभा, हे चित्र बघणाऱ्यांच्या परिचयाचं आहे, पण खरी गोष्ट त्याहून वाईट निघाली. या एजन्सीच्या संस्थापकाने अनेक दशकं किशोरवयीन मुलांचं लैंगिक शोषण केलं हे कंपनीने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अधिकृतपणे मान्य केलं, तो गेल्यावर चार वर्षांनी. त्याआधी ऑगस्टमध्ये कंपनीनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अहवालात प्रसारमाध्यमांच्या मौनावर बोट ठेवलं होतं. एका साप्ताहिकाने हे सगळं छापलं होतं, त्यावरचा खटला २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपला होता आणि शोषणाच्या आरोपांत तथ्य असल्याचा निष्कर्ष कोर्टाच्या निकालात होता, तरी टीव्ही गप्प. कारण त्या एजन्सीशी पंगा म्हणजे पुढच्या सीझनला हिरो नाही. २०२५ च्या सुरुवातीला फुजी टीव्हीवरही एका प्रकरणात अशीच पाळी आली, जाहिरातदारांनी रांगेने जाहिराती काढून घेतल्या. दर तीन महिन्यांनी नव्या गोष्टींची भूक असणाऱ्या यंत्राला लेखकांचंही फार सोयरसुतक नसतं. २०२३ च्या एका मालिकेत मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिकच्या, लेखिकेला आपली गोष्ट वाकडी होऊ नये म्हणून शेवटचे दोन भाग स्वतः लिहावे लागले, आणि पुढच्या जानेवारीत, या वादानंतर काही दिवसांतच, ती गेली. चॅनल आणि प्रकाशक दोघांनी नंतर जाडजूड अहवाल काढले.

तेव्हा घरापुरतं बनवणं म्हणजे सगळं निर्मळ, असं मी म्हणत नाहीये. चार भिंतींत सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून बोर्ड मीटिंगचा तो प्रसंग लिहिता येतो, आणि सगळे एकमेकांना ओळखतात म्हणूनच इतकी वर्षं कुणी तोंड उघडत नाही. बाहेरच्या लोकांचं बघणं इथे उपयोगी पडतं. जॉनीज प्रकरणाला तोंड फुटलं ते २०२३ च्या मार्चमध्ये बीबीसीने माहितीपट दाखवल्यावर, जपानी चॅनलमुळे नाही.

आणि बाहेरच्यांना बघूच द्यायचं नाही ही जी वृत्ती आहे ती याच एजन्सींमध्ये मुरलेली. कित्येक वर्षं जॉनीजच्या मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकायला परवानगी नव्हती, मालिकेच्या अधिकृत वेबसाइटवर बाकी कलाकारांचे फोटो आणि हिरोच्या जागी करडी सावली! चॅनल्सनी मिळून २०१५ मध्ये टीव्हर नावाचं फुकट बघायचं ॲप काढलं, छान आहे, पण ते जपानच्या बाहेर चालत नाही. मालिका परदेशी विकायची म्हटलं तर एजन्सी, रेकॉर्ड कंपनी, मूळ लेखक, सगळ्यांची परवानगी परत काढा, आणि घरात बारा कोटींचं मार्केट असताना ही कटकट कोण करणार. कोरियात पाच कोटी लोक, त्यांना बाहेर बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जपानला होतं, म्हणून ते बघत नाहीत.

मग आमच्यासारखे लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. जगभरातली हौशी पोरं नोकरी सांभाळून रात्री सबटायटल्स करतात, वर स्क्रीनच्या कोपऱ्यात टीपही देतात की या कंपन्यांत बोनस वर्षातून दोनदा असतो म्हणून तो माणूस आत्ता राजीनामा देत नाहीये. हे कायदेशीर नाही, मान्य. पण जिथे दुकानच उघडलेलं नाही तिथे गिऱ्हाइकाला चोर म्हणायला चॅनलवाल्यांना फारसा अधिकार उरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दुकान उघडलं तर लोक पैसे देतात. 'शिन्या शोकुदो' नेटफ्लिक्सवर आली, रात्री बारा ते सकाळी सात उघड्या असणाऱ्या त्या छोट्या खानावळीची, तेव्हा माझ्या ओळखीतल्या ज्या लोकांनी आयुष्यात जपानी काही बघितलं नव्हतं त्यांनी ती ओळीने संपवली.

आता 'जगासाठी बनवा' वाल्यांकडे वळते. त्यांचं म्हणणं, वेग वाढवा, भाग कमी करा, प्रत्येक भागाच्या शेवटी झटका द्या, जीवघेण्या खेळांच्या गोष्टी चालतात त्या काढा. 'ॲलिस इन बॉर्डरलँड' चालली ना जगभर! चालली, मीही बघितली, पण त्यातली माणसं टोकियोऐवजी साओ पावलोत धावली असती तरी गोष्टीत फार फरक पडला नसता. म्हणजे प्लॅटफॉर्मचा पैसा वाईटच असं नाही, दिग्दर्शक कोरेएदा यांनी २०२५ मध्ये नेटफ्लिक्ससाठीच 'असुरा' केली आणि ती तर १९७९ च्या टोकियोतल्या चार बहिणी आणि वडिलांच्या दुसऱ्या बाईची गोष्ट, याहून घरगुती काय असणार. पण तिचं मूळ एनएचके या जपानच्या सार्वजनिक चॅनलच्या जुन्या मालिकेत आहे, कुनिको मुकोदांनी फक्त शेजारपाजारच्या प्रेक्षकांसाठी लिहिलेलं.

आणि ज्यांना अजून शंका आहे त्यांनी 'ओशिन' आठवावी. १९८३-८४ मध्ये एनएचकेवर रोज सकाळी पंधरा मिनिटं, एकूण २९७ भाग, वर्षभराचं सरासरी रेटिंग ५२.६ टक्के. नवऱ्याला कामावर पाठवून चहा घेत बसलेल्या जपानी बायका डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली. सात वर्षांची पोर तांदळाच्या एका पोत्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या घरी राबायला जाते, बर्फातून नदीतला तराफा निघतो आणि बाप काठाने धावतो. यात जगासाठी म्हणून काय होतं? काही नाही. तरी ती साठाहून जास्त देशांत दाखवली गेली, थायलंडमध्ये, इराणमध्ये लोक ती लागली की रस्त्यावर दिसेनात. कुणी तिचा वेग वाढवला नाही, कुणी ओशिनला गाणं दिलं नाही. ती त्या त्या भाषेत डब करून त्या त्या देशाच्या टीव्हीवर पोचवली, एवढंच केलं, आणि तेव्हा तर ना स्ट्रीमिंग होतं ना काही.

चाळीस वर्षांपूर्वी टेपा पाठवून जे जमलं ते आता एका सर्व्हरवरून का जमू नये? बरं मागणीही मोठी नाही. इंग्रजी सबटायटल्स, तीही एक-दोन महिने उशिराने आली तरी चालेल, आणि महिन्याला एका पिझ्झाएवढे पैसे. आयडॉलचा चेहरा दिसला तर दिसला. लाकडासारखा उभा असेल तर मी पुढे ढकलून बघेन, शेवटचं भाषणही ढकलेन, ते बटण तुमच्या टीव्हीला नव्हतं, आमच्याकडे आहे.